एका खुंट्याला दोन हात

माझी बायको इंदू दिवेलागणीला गेली आणि त्या रात्री मी अर्धी भाकरी खाऊन, गोळी घेऊन, रोजच्या वेळेला झोपलो. घरात मयत असलं की चूल पेटत नाही, म्हणून भाकरी शेजारून आली. इंदू ओसरीत निजवलेली, उशाशी दिवा, भोवती बायका बसलेल्या, आणि मी आतल्या खोलीत चादर ओढून झोपलेलो. लोक काय म्हणाले ते मला माहीत आहे. आमच्या मोहल्ल्यात, लोधीपुऱ्यात, बोललेलं कानावर यायला वेळ लागत नाही. एकजण म्हणाली, म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं आहे. दुसरा म्हणाला, हा पहिल्यापासूनच डोक्यानं असा आहे. त्या दुसऱ्याचं बरोबर आहे. मी पहिल्यापासूनच डोक्यानं असा आहे, आणि म्हणूनच झोपलो. मी त्या रात्री जागलो असतो तर पोरांना एकाच्या जागी दोघांचं करावं लागलं असतं. पण हे दारात आलेल्या माणसाला कसं सांगायचं? त्याला तरणेपणापासूनची गोष्ट सांगावी लागेल. तेवढा वेळ मयताला आलेल्या माणसाकडे नसतो. म्हणून इथे लिहितो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला जमेल तसं लिहितो, चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमचं घर तेव्हा होतं तिथेच आजही आहे, फक्त कौलं जाऊन स्लॅब आला. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. पहाटेपासून पहाटेपर्यंत खटखट खटखट चालायची. बाहेरगावचा पाहुणा यायचा तो कानात बोटं घालायचा, आणि आम्हाला ती खटखट ऐकूच यायची नाही. लाईट गेली की मात्र सगळी गल्ली दचकायची. पाळण्यातली पोरं रडायला लागायची, म्हातारी माणसं झोपेतून उठून बसायची, काय झालं रे काय झालं म्हणून. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, केळीच्या गाड्या भरायचे. त्यांच्या अंगाला केळीच्या चिकाचा वास असायचा आणि त्यांच्या एकाही सदऱ्याचे काळे डाग मायला कधी काढता आले नाहीत. माय जळगावकडची. घरात भाकरी कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, तिच्यावर तेल आणि ठेचा. वांग्याचे दिवस आले की भरीत. सणाला दराबा ही आमच्याकडची मिठाई आणली तर दादा ती पानावर ठेवून आधी नुसता बघत बसायचे.

मी मिसरूड फुटायच्या आधीच लूमवर लागलो. सेठ गल्लीतलेच होते, मोमीन, माणूस सरळ. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सगळे तसंच करायचे, त्यात काही वाटायचं नाही. माझे हात चपळ होते. तुटलेला धागा दुसऱ्याला सापडायच्या आत मी जोडून मोकळा. मग इच्छापुरची इंदू मला करून आणली. तिच्या माहेरी केळी आणि कपाशी, घरात बैलजोडी, ती उन्हातान्हात राबलेली. दिसायला काळीसावळी, बोलायला तिखट. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "तुमच्याकडे हे मशीन बंद कधी होतं?" मी म्हणालो, "बंद झालं की उपाशी मरू." ती म्हणाली, "मग चालू राहू द्या, मी कानात कापूस घालते." तेवढंच आमचं पहिलं बोलणं.

लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात माझं डोकं चढलं. आम्ही चढलं म्हणतो, दुसरा शब्द तेव्हा माहीत नव्हता. आता माझी नात मोबाईलवर बघून सांगते, "आजोबा, इसको बायपोलर कहते हैं, बहुत लोगों को होता है." असेल. मला आठवतं ते असं, की लागोपाठ रातपाळ्या झाल्या आणि मला झोप लागेना, आणि झोप नाही याचं काही वाईटही वाटेना. उलट वाटायचं की सगळं जग संथ झालंय, एकटा मीच काय तो नीट चालतोय. दोन लूम सांभाळायचो ते चार मागून घेतले. सेठला न विचारता एक लूम खोलला, कारण तो अजून जोरात कसा चालेल हे मला कळलं होतं. पुन्हा जोडता आला नाही. घरातले दादांचे सदरे गल्लीत वाटून टाकले. भर दुपारी अनवाणी इच्छापुरला चालत गेलो आणि तिथल्या देवळात देवीच्या पायऱ्या मी संगमरवराच्या करून देतो म्हणून पुजाऱ्याला सांगून आलो. सासऱ्यांनी बैलगाडीत घालून परत आणलं. वाटेत मी त्यांना अखंड बोलून दाखवलं की बैलांना असं नाही, तसं हाकायचं असतं.

मग उतरलं. एका दिवशी कोणीतरी लाईट काढावी तसं. भिंतीकडे तोंड करून पडलो. अंघोळ नको, जेवण नको, कोणी हाक मारली की ती विहिरीच्या वरून आल्यासारखी यायची. इंदू ताट घेऊन बसायची, मी हलायचो नाही. मरून जावं असं वाटायचं, पण मरायलासुद्धा उठावं लागतं. हे मी लिहितोय कारण हे भोगणारा कोणी वाचत असेल तर त्याला कळावं की यातून माणूस उठतो. मी उठलो, आणि अजून सकाळी उठतो.

घरच्यांनी जे करायचं ते केलं. उतारे झाले, दोरे झाले. शेवटी दादांचे धाकटे भाऊ, आमचे काका, म्हणाले की कानबाईला बोलायला पाहिजे. कानबाई ही आमच्या खान्देशाकडची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते. नारळाला डोळे, नाक, नथ, चांगलं लुगडं, असं तिला पाटावर बसवतात. तिच्यासाठी रोट करतात. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं गहू मोजून घ्यायचे, ते घरच्याच जात्यावर दळायचे, आणि तो प्रसाद घरच्या भाऊबंदांनीच खायचा. पुरण, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर न्यायचं. काकांनी नवस बोलला की पोरगा बरा होऊ दे, त्याला तुझ्यापुढं जोडीनं रात्रभर जागा बसवतो. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. ज्या पोराला झोपेची गरज होती त्यालाच देवापुढं जागं ठेवायचं, ही चूक आमच्यासारख्या भाविक घरातच होऊ शकते.

श्रावण येईपर्यंत मी उठून बसू लागलो होतो. चार घास खायचो. सगळ्यांना वाटलं, देवीनं आधीच ऐकलं. मग रविवार आला, मी नवं धोतर नेसून जागा बसलो, आणि उजाडेपर्यंत माझं डोकं पुन्हा कळसाला जाऊन टेकलं. सकाळी मिरवणूक घाटावर आली तेव्हा मायच्या डोक्यावर कानबाई होती. तापी दुथडी भरलेली, पाणी गढूळ लाल, काठाच्या पायऱ्या बुडालेल्या. बायका गात होत्या. मी मायच्या डोक्यावरून पाट उचलून घेतला आणि सरळ पाण्यात चाललो. मला खात्री होती की देवी डोक्यावर असताना पाणी मला वाट देणार. कमरेपर्यंत गेलो, छातीपर्यंत गेलो. मागून मायची किंकाळी आली ती मला गाण्यासारखी वाटली. मग पाय सुटले. काकांनी पागोट्यासकट उडी मारली. त्यांना बरं पोहताही येत नव्हतं. घाटावरच्या भोयांनी दोघांना बाहेर काढलं, काकांचं पागोटं आणि कानबाईचा पाट खाली वाहून गेला. मी काठावर पाणी ओकत हसत होतो. इंदू माझ्या छातीवर दोन्ही हात दाबून बसली होती, मी पुन्हा उठू नये म्हणून. तिचे डोळे कोरडे होते. ती तेव्हा नुकती विशीत आलेली असेल.

त्यानंतर तिनंच हट्ट धरला आणि मला इंदूरला नेलं. दवाखान्यात काही दिवस ठेवलं. डॉक्टर तरुण होता, भराभर बोलायचा. त्यानं गोळी दिली, रक्त तपासायला सांगितलं, आणि म्हणाला, "ये गोली भी एक तरह का नमक है. पानी बराबर पीना, खाने में नमक रोज़ जितना है उतना ही रखना, उपवास नहीं. और सबसे बड़ी बात, सोना और उठना रोज़ एक टाइम पर. नाइट शिफ्ट बंद." मी ऐकलं आणि सोडून दिलं. इंदूनं परतीच्या गाडीत ते मला तीनदा म्हणून दाखवलं, पाढ्यासारखं. चौथ्यांदा म्हणायला लागली तेव्हा मी म्हणालो, "गप्प बस." ती म्हणाली, "तुम्ही म्हणून दाखवा, मग बसते."

पण सांगणं सोपं, करणं कठीण. गोळीनं अंग जड व्हायचं, हात थरथरायचे, तोंडाला चव नाही. सकाळी उठायचं कशासाठी? डॉक्टरनं उठायला सांगितलं, पण उठून काय करायचं हे कुठे सांगितलं. एकदा मी असाच ओसरीत भिंतीला टेकून बसलो होतो आणि इंदू जात्यावर तूर भरडत होती. जातं मोठं, सासूच्या सासूचं. ती वैतागून म्हणाली, "बसलेच आहात तर खुंट्याला हात लावा, एकटीला ओढवत नाही." मी हात लावला. जात्याचा खुंटा एक, त्याला समोरासमोर बसून दोन हात. तिनं ओढलं की माझा हात जातो, माझ्याकडून परत तिच्याकडे. एकाला थांबायचं म्हटलं तरी दुसरा थांबू देत नाही. तूर संपली. मला कळलंच नाही की मी तेवढा वेळ कुठलाच विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ज्वारी आणि उडीद समोर ठेवले आणि म्हणाली, "उठा."

मायला ते बघवेना. "अगं इंदे, कोपऱ्यावर चक्की आहे, ती काय मेली का? गड्याला कोणी जात्यावर बसवतं?" इंदू म्हणाली, "चक्कीवर पीठ जळतं." माय म्हणाली, "आणि गल्लीत आमची अब्रू जळून राहिली त्याचं काय?" अब्रू जळत होतीच. लूमवर जाणारी पोरं ओसरीसमोर थांबून ओव्यांचा आवाज काढायची. एक जण म्हणाला, "वसंता, लुगडं कधी नेसतो?" मी उठून मारायला निघालो तर इंदूनं खुंटा सोडला नाही, आणि माझा हात खुंट्यावर तिच्या हाताखाली होता. ती त्या पोराला म्हणाली, "नेसले की तुलाच पहिले दाखवतील, ये दुपारी." पोरगं पळालं. दादा फक्त रोज निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवून जायला लागले. त्या हाताचा केळीचा वास मला अजून येतो.

जात्याचा दुसरा उपयोग हळूहळू कळला. मी चढायला लागलो की माझा हात आपोआप जोरात फिरायचा, मूठ भराभर पडायची, दाणा पुरता दळायच्या आत बाहेर. इंदू जात्याच्या कडेचं पीठ चिमटीत घेऊन बघायची आणि म्हणायची, "सावकाश. भरड येतंय." बस. डोकं ठिकाणावर आहे का, असं ती कधीही विचारायची नाही. मला ते विचारलेलं खपायचं नाही हे तिला माहीत होतं. पीठ भरड आलं म्हटल्यावर मी कोणाशी भांडणार? ते तर समोर दिसत होतं. लागोपाठ दोन-तीन दिवस भरड आलं की ती संध्याकाळी दार लवकर लावायची, पाहुणे परतवायची, चहा बंद करायची आणि इंदूरच्या डॉक्टरकडे निघायची तयारी करायची. आणि उतरायला लागलो की उलटं व्हायचं. माझा हात खुंट्यावर नुसता ठेवलेला असायचा आणि ती दोघांच्या वाटणीचं एकटी ओढायची. पण हात ठेवायला लावायचीच.

रातपाळीचं मात्र जात्यावर सुटण्यासारखं नव्हतं. सेठ म्हणाले, "वसंता, नाइट तो सबको करनी पड़ती है. तुझको छोड़ा तो कल सब बोलेंगे." त्यांचंही खरं होतं. इंदू त्यांच्याशी बोलायला गेली नाही. ती त्यांच्या घरी मागच्या दारानं गेली, सेठच्या बायकोकडे. त्यांना सगळे आपा म्हणायचे. बरोबर डबाभर कळण्याचं पीठ नेलं. दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सेठनं मला बोलावलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "कांडी भरेगा? दिन का काम है." कांडी भरणं म्हणजे धोट्यातल्या नळीवर सूत गुंडाळायचं. ते काम बायका आणि म्हातारे करायचे, मजुरीही निम्मी. चार लूम चालवणारा मी, मला ते कापल्यासारखं लागलं. घरी येऊन ताट लाथाडलं. इंदूनं सांडलेलं भरून घेतलं आणि म्हणाली, "लूमवाला नवरा मला नदीतून काढावा लागला. कांडीवाला मला घरात पाहिजे." आणि मग पहिल्यांदा ती रडली. मी दुसऱ्या दिवशी कांडी भरायला गेलो.

असं वर्ष गेलं. पहिल्या अजानीला उठायचं. जातं. अंघोळ. भाकरी. कांडी. दुपारी घरी जेवायला यायचंच, डबा न्यायचा नाही, कारण येण्याजाण्यात ऊन अंगावर पडतं. संध्याकाळी दादांबरोबर घाटापर्यंत चालत जाऊन परत. दिवेलागणीनंतर चहा नाही, वाद नाही. जेवण, गोळी, वर तांब्याभर पाणी, झोप. लग्नाची वरात असो की गल्लीतला तमाशा, माझं दार बंद. माझ्या वयाची पोरं नाक्यावर गप्पा ठोकत असायची आणि मी म्हाताऱ्यासारखा पांघरुणात. कितीदा वाटलं की ही माझी बायको नाही, माझी जेलर आहे, आणि तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणायची, "बरं. जेलरनं सांगितलंय, दिवा मालवा." पण हळूहळू अंगाला ते वळण पडलं. भूक वेळेवर लागायला लागली. एके दिवशी भाकरी तोंडात घातली आणि तिची चव आली, ठेच्याचा लसूण नाकात गेला. मी दुसरी भाकरी मागितली. इंदूनं वाढली आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

मग श्रावण आला आणि काका आले. ओसरीत बसले, नवं पागोटं मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मागल्या खेपेला नवस अर्धा राहिला. पाट वाहून गेला, विसर्जन धड झालं नाही. या वर्षी वसंतानं जोडीनं पुरी रात्र बसायचं, तवा नवस फिटंल." मला कानबाईची भीती होती आणि न बसण्याचीही भीती होती. देवीनं पाठ फिरवली तर? आणि जागलो तर? दादा खाली बघत होते. आमच्यात सून चुलत सासऱ्यापुढं बोलत नसे. इंदू दाराआड उभी होती. तिथून तिनं मायला सांगितलं, सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "माय, काकांना सांगा, हे झोपतील. यांच्या वाटणीचं मी जागते."

काका मायला म्हणाले, "वहिनी, तिले सांगा, जोडीनं म्हणजे जोडीनं. अर्धी जोडी देवीले चालत नाही."

माय एकदा दाराकडे, एकदा काकांकडे बघायला लागली.

"माय, काकांना विचारा, देवी कशाला येते? घरच्यांची खुशाली बघायलाच ना? लेकरू निवांत झोपलेलं दिसलं तर आईला राग येतो का?"

"वहिनी, तिले म्हणा, देवाच्या कामात वकिली चालत नाही!"

"माय, काकांना म्हणा, मग आता रोटाचं पीठसुद्धा टाकून द्यावं लागंल. ते यांनीच माझ्यासंगं दळलंय."

बाहेरची खटखट तेवढी ऐकू यायला लागली. रोटाचे गहू बायकांनी, न्हाऊनधुऊन, मुक्यानं दळायचे असतात. ते गड्यानं दळले हे कोणी ऐकलं नव्हतं. मायनं डोक्याला हात लावला. "इंदे, हे तू मले सांगितलं नाहीस." इंदू म्हणाली, "न्हाऊन दळलंय दोघांनी. मुक्यानंच दळलंय. डब्यात आहे, बघा, एक दाणा भरड नाही."

काकांनी डबा मागवला. चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटानं पसरलं. मग माझ्याकडे बघितलं. काका तसे रागीट, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मला म्हणाले, "तू दळलं?" मी म्हणालो, "हो काका." ते म्हणाले, "गेल्या श्रावणात तुझ्या हातात पाण्याचा तांब्या ऱ्हात नव्हता." मग पीठ परत डब्यात झटकलं आणि मायला म्हणाले, "वहिनी, झोपू द्या त्याले. मी काही पुन्हा तापीत उडी मारणार नाही, माझं वय झालं." आणि दाराकडे बघून, पहिल्यांदा सरळ तिलाच, म्हणाले, "पण सूनबाई, सकाळी घाटावर त्यानं यायचं. तिथं झोप चालायची नाही."

त्या रात्रीचं मला काही सांगता येत नाही, कारण मी झोपलो होतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र मी झोपेत घालवली. उठलो तेव्हा अजान होत होती आणि ओसरीत बायकांचे आवाज बसले होते, काकांचा सगळ्यात जास्त. इंदू कानबाईपुढं बसलेली होती, डोळे लाल, केस विस्कटलेले, शेजारी माझ्या जागेचा पाट. त्या पाटावर तिनं माझा सदरा घडी करून ठेवला होता. घाटावर निघालो. काका सबंध वाट माझ्या सदऱ्याचं मागचं टोक मुठीत धरून चालले, शेळी धरावी तसे. लोक हसले. पाणी त्या वर्षीही गढूळ होतं. मी मायबरोबर घोट्यापर्यंत उतरलो, मग गुडघ्यापर्यंत. पाणी थंड होतं. ते पाणीच होतं, मला काही बोलत नव्हतं. कानबाई सोडली, वळलो आणि बाहेर आलो. काकांनी तेव्हा कुठे सदरा सोडला, आणि तो मागून फाटला होता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. हा आजार जात नाही, घरातल्या भाडेकरूसारखा राहतो. एका वर्षी मला वाटलं मी बरा झालो, गोळी सोडली, आणि पुन्हा दवाखाना बघितला. दोनदा उतरलो तेव्हा इंदूनं महिनोन् महिने एकटीनं जातं ओढलं. पण पोरं झाली, शिकली, त्यांची लग्नं झाली. मी कांडीवरून पुन्हा लूमवर आलो, दिवसपाळीच्याच. दरवर्षी कानबाई आली आणि दरवर्षी मी झोपलो. रोटाचं पीठ आमच्या घरात दोघं मिळून दळतात ही आता रीतच झाली आहे. नव्या सुनांना वाटतं ती पहिल्यापासूनची आहे.

जायच्या आधी इंदूचा श्वास लागत होता. दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही शेवटचं सांगेल. ती म्हणाली, "मी गेले तर लोक तुम्हाला बसवून ठेवतील. बसू नका. झोपा." मी म्हणालो, "तू कुठे जात नाहीस." ती म्हणाली, "ते सोडा. झोपाल ना?" मी हो म्हणालो.

म्हणून झोपलो. पहिल्या अजानीला डोळे उघडले, रोजच्यासारखे. ओसरीत आलो. बायका भिंतीला टेकून पेंगत होत्या. इंदूच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. तिच्या पायांशी आमची मुलगी नलू बसलेली, ती रात्रीतून खकनारहून आली होती. कोणी काही म्हणायच्या आत मी कोपऱ्यातलं जातं पुढं ओढलं, गव्हाचा डबा घेतला आणि बसलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "अरे वसंता, घरात मयत आणि दळायला बसला? असल्या दिवशी दळतात का?" मी म्हणालो, "पिंडाला पीठ लागणारच ना? मग तिला घरचं लागू दे." मी मूठ टाकली आणि खुंटा ओढला. समोर कोणी नव्हतं. जातं एकट्याला जड जातं, तरी मी ओढत राहिलो, ओढतच राहिलो, मुठीवर मूठ टाकत, हात कधी जोरात फिरायला लागला ते मला कळलं नाही.

नलू उठली. समोर येऊन बसली, एक पाय लांब करून, तिची आई बसायची तशी. तिनं खाली पडलेलं पीठ चिमटीत घेऊन बघितलं. मग खुंट्यावर माझ्या हाताच्या वर हात ठेवला.

"बाबा, सावकाश," ती म्हणाली. "भरड येतंय."